गच्चीचा बारावा भाग

लिफ्टचं दार लागता लागता केकवाली आत शिरली आणि म्हणाली, "काका, थँक्यू हं. तुमच्यामुळे टाकीमागचा तुकडा आमच्या गळ्यात पडला नाही." त्याच्या एका हातात ब्रेड होता, दुसऱ्या हातात ताईच्या औषधांची पिशवी. तो हसला. आभार कशाचे ते कळायच्या आत माणूस हसून मोकळा होतो, तसा. केकवाली दुसऱ्या मजल्यावर राहायची, घरीच केक करून विकायची, आणि तिच्या अंगाला कायम भाजलेल्या साखरेचा वास यायचा. "आम्ही आमच्या तुकड्यावर पत्रे टाकणार," ती म्हणाली, "मोठा ओव्हन वरच नेणार. घरात बाई उकडून निघायला होतं. तुमचा तर काय, सगळ्यात छान कोपरा." दुसरा मजला आला, ती उतरली. वास मागे राहिला. तिसरा मजला आला, दार उघडलं, समोर त्याच्या घराचं दार होतं, आत ताई चहाला थांबलेली असणार. तो उतरला नाही. चौथ्या मजल्यापर्यंत गेला आणि तिथून गच्चीचा जिना चढला. कसला तुकडा, कसला कोपरा, हे त्याला अजून कळलं नव्हतं.

गच्चीच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला होता. तो त्यानंच काढलेला नकाशा होता. त्याच्याच हातची अक्षरं, त्याचीच बारीक बाणाची खूण उत्तर दाखवणारी, टाकीचे दोन चौकोन, पाइपांची तुटक रेष, कठड्याची जाडीसुद्धा मापात. खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं आयुष्यभर घातली तिथंच, त्याची सही. आणि त्या सगळ्यावरून लाल पेनानं, पट्टी लावून, कुणीतरी रेषा मारल्या होत्या. बारा तुकडे. प्रत्येकात फ्लॅटचा नंबर, आणि खाली बारीक अक्षरांत: मध्ये लोखंडी जाळ्या, आत ज्याचं तो बघेल. पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथं सकाळी ऊन येतं आणि दुपारी सावली, तिथं नंबराशेजारी कंसात लिहिलं होतं: काकांना. तो ते 'काकांना' कितीतरी वेळ वाचत राहिला. त्यातल्या प्रेमळपणानं त्याच्या अंगाची लाहीलाही झाली.

तीन आठवड्यांपूर्वी सोसायटीचे सेक्रेटरी घरी आले होते. ते दातांचे डॉक्टर. पहिल्या मजल्यावर राहायचे, दवाखाना पलीकडच्या रस्त्यावर. कुणाशीही बोलताना ते समोरच्याच्या तोंडाकडे अशा काही मायेनं बघायचे की माणूस आपोआप आ करायच्या बेतात यायचा. म्हणाले, "काका, गच्चीतून पाणी मुरतंय. काम काढायचंय. कंत्राटदाराला नेमकी मापं हवीत. तुमच्याइतकं नेमकं कोण मोजणार?" तुमच्याइतकं नेमकं. पाणीखात्याच्या नकाशाच्या खोलीतून निवृत्त होऊन त्याला सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत त्याला कुणी साधी एक रेष काढायला सांगितली नव्हती. त्यानं माळ्यावरून पेटी काढली, सुकलेली पेनं कोमट पाण्यात ठेवली, जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद ताणून चिकटवला. तीन दिवस दोघांनी हातात ताटं घेऊन जेवण केलं. मोजायच्या दिवशी टेपचं दुसरं टोक ताईनं धरलं होतं. कठड्याला अंगठ्यानं टोक दाबून ती उभी, आणि तो पाठमोरा टेप ओढत जाणारा. "घट्ट आहे का?" तो विचारायचा. "तू ओढ रे, मी कुठे पळून जात्येय," ती म्हणायची. कागद नेऊन दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "वा. ही कला आता गेली." तो आठवडाभर त्या वाक्यावर जगला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्यानं हात नुसता दाखवला नव्हता, कौतुकानं पुढे केला होता.

तो खाली आला. दाराजवळच्या खिळ्याला किल्ली अडकवली, ब्रेड टेबलावर ठेवला. ताई आतून म्हणाली, "कुणाशी भांडलास?" "नाही." "मग भांडायचंय." ती चहा घेऊन बाहेर आली, कप टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत ठेवला, अगदी अचूक, आणि समोर बसली. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. बाविसाव्या वर्षी तापात तिचे डोळे गेले, आणि त्यानंतर एकतीस वर्षं तिनं एका मोठ्या हॉस्पिटलचा टेलिफोन सांभाळला. माणूस हॅलो म्हणाला की त्याचं काय बिनसलंय हे तिला कळायचं. हॅलो न म्हणता नुसती किल्ली अडकवली तरी कळायचं. त्यानं तिला सगळं सांगितलं. गच्चीचे बारा भाग होणार, प्रत्येक घराला एक, मध्ये लोखंडी जाळ्या, प्रत्येकानं आपल्या भागात काय हवं ते करावं. ताईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा कठडा गेला."

रोज सकाळी सहाला ती गच्चीवर जायची. एकटी. जिन्याच्या पायऱ्या तिला पाठ होत्या. डावा हात कठड्यावर ठेवून ती फेऱ्या मारायची, टाकीपाशी वळायची, पुन्हा कठडा धरायची. बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी हे पाहिलेलं होतं, आणि सगळ्यांनी कधी ना कधी तोंडानं च्च केलेलं होतं. पण त्यानं एकदा आणखी काहीतरी पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी, सुकत घातलेली चादर राहिली म्हणून तो वर गेला आणि दारातच थांबला. ताईची शेवटची फेरी संपली होती. तिनं कठड्यावरचा हात उचलला. दोन्ही हात शरीराजवळ सोडले आणि ती गच्चीच्या मधोमध चालायला लागली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे, तिरपी, कशालाही हात न लावता, हळूहळू वेग वाढवत. मान वर होती. जवळजवळ धावतच होती. घरात, रस्त्यावर, दवाखान्यात, सतत कशाला तरी हात टेकवून चालणारी ताई तिथे एकही वस्तू न शिवता चालली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की तो चादर न घेताच खाली आला. हे त्यानं तिला कधी सांगितलं नाही. असं काही पाहिलं की ते सांगण्यानं कमी होतं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. आता चहा निवत असताना त्याला फक्त त्या तिरप्या वाटेवरून गेलेल्या लाल रेषा दिसत होत्या. त्यानं मनात मोजल्या. चार जाळ्या.

संध्याकाळी तो पहिल्या मजल्यावर गेला. डॉक्टरांनी त्याला आत बसवलं, पाणी दिलं. "डॉक्टर, तुम्ही पाणी मुरतंय म्हणालात." "मुरतंयच ना. पण काका, मूळ रोग वेगळा आहे. गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही. कुणी झाडत नाही, कुणी बघत नाही. आपली म्हटली की माणूस सांभाळतो." हे बोलणं इतकं गुळगुळीत होतं की त्याला कुठे पकडावं ते कळेना. "कागदोपत्री ती आपल्या बाराही जणांची आहे, न वाटलेली," तो म्हणाला. "म्हणून तर सगळ्यांच्या सह्या हव्यात. अकरा झाल्या. तुमची मी मुद्दाम शेवटी ठेवली. म्हटलं, आपलाच माणूस." आपलाच माणूस. त्यानं ग्लास खाली ठेवला. "ताई रोज वर चालते." "अहो, त्यांचा विचार आम्ही सगळ्यात आधी केला." डॉक्टर पुढे झुकले. "प्रत्येक जाळीला एक छोटं दार. ताईंना सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. सकाळी सहा ते सात त्यांनी खुशाल फिरावं, कुणी काही म्हणणार नाही. सगळ्यांनी एका शब्दात मान्य केलं, काका. माणसं चांगली आहेत आपली."

माणसं चांगली होती, हेच भयंकर होतं. इतकी वर्षं ती ज्या फरशीवर स्वतःच्या पायांनी स्वतःच्या हक्कानं चालत होती, तीच फरशी आता तिला दर सकाळी अकरा घरांनी दयेनं वापरायला द्यायची, कुलपं उघडून, एक तास. आधी काढून घ्यायचं आणि मग त्यातलंच चिमूटभर दान करायचं, आणि वर माणसं चांगली. "नको," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. "किल्ल्या नकोत. सही मिळणार नाही." डॉक्टरांनी त्याच्याकडे ओळखीच्या मायेनं पाहिलं, दुखतंय पण एकच मिनिट अशा नजरेनं. "काका, कोपरा आवडला नाही का? बदलून देऊ."

तो लिफ्ट सोडून जिन्यानं निघाला. राग डॉक्टरांचा होताच. पण पायात उतरला होता तो जुना राग होता, तीसेक वर्षांचा, आणि तो त्याचा स्वतःवरचा होता. पाणीखात्यात असताना एकदा त्याच्याकडे एका वस्तीचा नकाशा आला होता. वस्तीच्या तोंडाशी एक नळ होता, सार्वजनिक. साहेबांनी पेन्सिलीनं एक नवी रेष मारून दिली, ती शाईनं गिरवायची होती. त्यानं गिरवली. फार सुबक वळण घेतलं होतं त्या रेषेनं. दोन महिन्यांनी नळ एका नव्या वसाहतीच्या भिंतीच्या आत गेला, आणि रिकाम्या बादल्या घेऊन दहा-बारा बाया ऑफिसात आल्या. त्यातल्या एकीनं नकाशाच्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, "ही रेष कुणी मारली?" दमलेल्या आवाजात, वाट विचारावी तसं. तो नकाशाच्या बोर्डावर वाकलेला होता. त्यानं मान वर केली नाही. कारकून म्हणाला, "साहेब बाहेर गेलेत." बाई थोडा वेळ थांबली. तिच्या बादलीची कडी वाजली आणि ती गेली. त्या दिवशी त्यानं स्वतःला सांगितलं होतं, आपण फक्त काढतो, ठरवणारे वेगळे. हे वाक्य त्याला पुढे नोकरीभर पुरलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून उभं राहताना त्याला वाटलं, ठरवणारे नेहमी वेगळेच असतात आणि काढणारा नेहमी मीच असतो, आणि बायका बादल्या घेऊन परत जातात.

पुढचे दहा दिवस बिल्डिंगमध्ये त्याच्याभोवती हवा पातळ झाली. लिफ्टमध्ये माणसं मोबाइलमध्ये बघायला लागली. केकवाली एकदा म्हणाली, "काका, ओव्हनची ऑर्डर दिलीय हो मी," आणि मग पुढे काही न बोलता तिनं डोळ्याला पदर लावल्यासारखं केलं. ती ड्रेसमध्ये होती, पदर नव्हता, नुसता हात गेला. चष्म्याचे दुकानवाले, जे चौथ्या मजल्यावर राहायचे आणि ज्यांनी त्याला वाचायचा चष्मा निम्म्या दिवसात करून दिला होता, ते नमस्काराला मान हलवून पुढे गेले. बुधवारी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. रविवारच्या सभेत निर्णय होईपर्यंत बंद, असा कागद. खाली डॉक्टरांची सही. ताई सकाळी वर गेली आणि तशीच परत आली. त्यानं विचारलं तर म्हणाली, "कुलूप पितळी आहे. जड आहे." त्या दिवसापासून ती घरातल्या पॅसेजमध्ये चालायला लागली. स्वयंपाकघराच्या दारापासून बाथरूमच्या दारापर्यंत, अकरा पावलं, वळण, अकरा पावलं. आत पडल्या पडल्या तो ती पावलं ऐकायचा आणि रविवारच्या सभेत काय बोलायचं त्याची वाक्यं मनात घासून धार लावायचा. वाक्यं रोज चांगली होत होती. ताईशी मात्र तो त्याबद्दल बोलला नाही. तिला कशाला त्रास, असं तो म्हणायचा. आपल्याशीच.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. ताई येते म्हणाली, आली, त्याच्या शेजारी बसली. डॉक्टरांनी सगळं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "एका घराची हरकत आहे. आपण तिचा मान ठेवू. फक्त वहीत कारण लिहावं लागतं. मी असं लिहितो, 'अंध भगिनीची गैरसोय'. चालेल ना, काका?" कुणीतरी मागून हळूच च्च केलं. त्या च्चनं त्याचा बांध फुटला. तो उभा राहिला. घासलेली वाक्यं सगळी एकदम आली आणि त्यांच्याबरोबर न घासलेलीही. तो म्हणाला की गैरसोय नाही, चोरी आहे. म्हणाला की जे सगळ्यांचं आहे ते वाटताना प्रत्येकाला वाटतं आपल्याला मिळालं, आणि गमावलंय प्रत्येकानं, अकरा भाग गमावून एक मिळवलाय, साधं गणित आहे. म्हणाला की त्याच्या बहिणीला त्यांच्या किल्ल्यांची भीक नको. त्याचा आवाज गाड्यांच्या पत्र्यावर आपटून परत येत होता आणि त्याला स्वतःचं बोलणं आवडायला लागलं होतं. "तुम्हाला वाटतं ती कठडा धरून चालते," तो म्हणाला. "शेवटी काय करते ठाऊक आहे? हात सोडते. गच्चीच्या मधोमध, कशालाही हात न लावता, मान वर करून, पोरीसारखी धावते. सगळ्या जगात तेवढी एकच जागा आहे तिला तसं चालायला. त्याच्यावर तुम्ही जाळ्या ठोकणार."

केकवालीनं नाक ओढलं. त्याला वाटलं, जिंकलो. मग त्याच्या दंडावर ताईचा हात आला आणि त्या हातानं त्याला खाली बसवलं, लहानपणी बसवायचा तसं, न विचारता. ती उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता, कानांपर्यंत.

"डॉक्टर," ती म्हणाली, "तुमच्या रजिस्टरात बघा. आमचा फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

पानं उलटल्याचा आवाज. "दोघांच्या."

"पहिलं नाव?"

डॉक्टर थांबले. "तुमचं, ताई."

"मग ही बारावी सही तुम्ही कोणाची मागत होतात?"

तो खुर्चीत बसून होता. त्यालाही आठवलं नव्हतं. घराचे कागद करताना तिनं पट्टीच्या कडेनं बोट सरकवत, सावकाश, सरळ रेषेत सही केली होती, त्याच्या आधी. तो शेजारी उभा होता. आणि या दहा दिवसांत सही देणार नाही, सही देणार नाही, असं मनात घोकताना एकदाही ती सही कोणाची हे त्याच्या मनात आलं नव्हतं.

"तुम्हाला त्रास नको म्हणून," डॉक्टर म्हणाले.

"एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या फोनवर काढली मी. मला त्रास द्यायला कधी कुणी लाजलं नाही. किल्ल्या मला देणार होतात, विचारलंत ह्याला. ह्यानं नको म्हटलं, मला न विचारता. तुम्ही माझी गच्ची वाटलीत आणि ह्यानं आत्ता," ती थांबली, "ह्यानं आत्ता उरलेलं वाटून टाकलं." तिचा आवाज किंचित हलला आणि पुन्हा टेलिफोनवरचा झाला, सपाट. "कारण लिहायचंय ना? लिहा. हिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी हिनं सही दिली नसती. अंध वगैरे लिहू नका. ते कारण नाही. किल्ल्या नकोत, कारण दारंच नकोत."

डॉक्टर लिहीत नव्हते. चौथ्या मजल्यावरचे चष्मेवाले खाकरले. "माझी पण सही खोडा मग," ते म्हणाले. "मला टाकीमागचाच आला होता." कुणीतरी हसलं, मग आणखी कुणी, आणि बघता बघता लोक खुर्च्या सरकवून उठायला लागले, कुणाला भाजी आणायची होती, कुणाकडे पाहुणे येणार होते. एवढ्यावरच संपलं. त्याची धार लावलेली सगळी वाक्यं, चोरी, भीक, गणित, त्यांतल्या कशानंही झालं नव्हतं. एका नको म्हणणाऱ्या बाईनं आणि टाकीमागच्या तुकड्यानं झालं होतं. तो हसणाऱ्या माणसांकडे बघत राहिला. यांना काहीच कळलेलं नाही, असं त्याला संतापानं वाटलं, आणि त्याच संतापात शेजारी उभी असलेली, हात धरायला हात पुढे न करणारी ताई त्याला दिसली.

ती जिन्यानं वर गेली. तो मागून. घरात आल्यावर ती आपल्या खोलीच्या दारात थांबली. "तू तिथं होतास," ती म्हणाली.

"एकदाच. दोन वर्षांपूर्वी. चादर आणायला आलो होतो."

"आणि काही बोलला नाहीस. मी त्या वेळी एकटी होते, असं मी दोन वर्षं समजत होते."

ती आत गेली. त्याला म्हणायचं होतं, मी तुझ्यासाठीच बोललो. पण ते वाक्य 'काकांना' या शब्दासारखं वाटलं, तसंच कंसातलं, प्रेमळ, आणि ते त्याच्या तोंडातून निघेना. मान खाली घालून बोर्डावर वाकणं एक, आणि मान वर करून दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडात घेणं दुसरं. या दोहोंखेरीज तिसरं काही त्याला आयुष्यात जमलं नव्हतं. त्यानं जेवणाच्या टेबलाशी बसून बराच वेळ नखानं लाकडावरची चिकटपट्टीची जुनी खूण खरवडली.

सोमवारी कुलूप निघालं. डॉक्टर लिफ्टमध्ये भेटले, "काय काका, बरं आहे ना," म्हणाले, आणि तितक्याच मायेनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ताई त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ संपलंय. पंखा वाजतोय. ती गच्चीवर जात नव्हती, पॅसेजमध्येच चालत होती, आणि ती अकरा पावलं त्याला आता कुलूप लावणाऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त राग आणत होती. गुरुवारी पहाटे त्याला जाग आली ती शांततेनं. पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. तो उठून बाहेर आला. ताई दाराशी चपला घालत होती, एक हात भिंतीवर. तो आल्याचं तिला कळलं, तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली. जिन्यातून थंड हवा येत होती. ती उंबरा ओलांडून गेली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा त्यानं विचारलं. पुष्कळ वर्षांत त्यानं तिला असं काही विचारलं नव्हतं. बहुतेक गोष्टी तो तिच्यासाठी आपणच ठरवून टाकायचा आणि त्याला जबाबदारी म्हणायचा.

"ताई, मी येऊ का वर?"

ती पायरीवर थांबली. मागे वळली नाही.

"मला काय विचारतोस? गच्ची सगळ्यांची आहे," ती म्हणाली. दोन पायऱ्या चढली. मग म्हणाली, "फक्त आलास की आवाज दे."